डबल बेल

"चला, जाऊ द्या!" असं म्हणून मी बटण दोनदा दाबलं आणि गाडी निघाली.

मी समाधानानं मांडीवरचा डबा सरळ केला, पर्स काखेत घट्ट धरली आणि खिडकीबाहेर बघत बसले. पुढच्या स्टॉपला गाडी थांबली. पुढचं दार उघडलं. कोणी उतरलं नाही, कोणी चढलंही नाही. ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं, माइकवर गोड आवाजात काहीतरी विचारलं, जरा वेळ वाट पाहिली आणि दार लावलं. दार लागल्यावर काय करायचं असतं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी परत दोनदा बटण दाबलं. गाडी निघाली.

माझ्या मनात आलं, बिचारा एकटाच आहे गाडीवर. बरं झालं मी बसले आहे ते.

ही गाडी जपानातल्या हमामात्सु नावाच्या गावची होती आणि मी फलटण डेपोची कंडक्टर, इंदुमती रणवरे, बिल्ला नंबर चार हजार चारशे सतरा. नवरा एसटीत मेकॅनिक होता. तो गेल्यावर मला नोकरीत घेतलं. अठरा वर्षं फलटण-दहिवडी, फलटण-सातारा अशी खांद्याला बॅग लावून उभ्यानं काढली. गुडघ्यांनी जेव्हा हात टेकले तेव्हा मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली. बिल्ला मात्र पर्समध्ये राहिला. त्याच्याशिवाय पर्स हलकी लागते.

माझी मुलगी वृषाली आणि जावई निरंजनराव दोघंही हमामात्सुत नोकरीला. त्या वर्षी उन्हाळ्यात फलटणच्या घरी मी न्हाणीघरात घसरून पडले. तासभर तिथंच. शेजारची कुंदा ताक मागायला आली म्हणून सापडले. हाड मोडलं नव्हतं, पण वृषालीनं ऐकलं आणि दिवसातून चारदा फोन करायला लागली. पंधरा दिवसांत तिकीट पाठवलं. "दोन महिने ये, आराम कर," म्हणाली. मी गेले. पाचव्या आठवड्यात कळलं, की माझं परतीचं तिकीट रद्द करायचं चाललंय.

"आई, तू आता एकटी राहायची नाहीस," वृषाली म्हणाली. "इथंच राहायचं. विषय संपला."

"अगं पण माझं घर?"

"कुलूप आहे ना?"

कुलूप होतं. पण घर कुलूप लावायला बांधलं नव्हतं मी. डेपोच्या मागं दोन खोल्या, पहाटे पहिली गाडी सुरू झाली की भांडी किणकिणतात. मला तिथं राहायचं होतं. इथं माया खूप होती, नाही म्हणणार नाही. पण सकाळी आठला दोघं कामाला गेले की मी आणि फ्रिज. बाहेर जायचं तर वृषालीच्या गाडीतून, पुढं बेल्ट लावून. खाली फुलझाडं बघायला गेले तरी तिचा फोन. अठरा वर्षं मी लोकांना त्यांच्या गावी पोचवलं, आणि मला कोणी जिन्याखाली एकटं सोडेना.

एका रात्री जेवताना माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्याच. "तुम्हाला काय वाटतं, मला काही जमत नाही? उद्या इथल्या बसनं तुझ्या ऑफिसला डबा घेऊन येते. एकटी!"

वृषालीनं तोंडात बोट घातलं. निरंजनराव मात्र खुशीत आले. त्यांना घरात कुठलीही स्पर्धा लागली की पंच व्हायची हौस.

"ठरलं!" ते म्हणाले. "आई, तुम्ही बारा वाजायच्या आत वृषालीच्या ऑफिसच्या गेटवर पोचलात, तर तिकीट रद्द होणार नाही. नाही पोचलात तर तुम्ही इथंच राहायचं आणि पुन्हा कुरकुर करायची नाही. वाटेत फोन करायचा नाही, कोणाला चिठ्ठी दाखवायची नाही."

"मान्य," मी म्हणाले.

"मला मान्य नाही," वृषाली म्हणाली. मग सुस्कारा टाकून मला माहिती द्यायला बसली. मागच्या दारानं चढायचं. दाराजवळचं यंत्र नंबराचा कागद देतं, तो घ्यायचा. पुढं फळ्यावर नंबरापुढं भाडं दिसतं, ते उतरताना ड्रायव्हरजवळच्या पेटीत टाकायचं.

"म्हणजे टप्पा," मी म्हणाले.

"काय?"

"जिथं चढलो तो टप्पा कागदावर, जिथं उतरलो तो फळ्यावर. आपल्याकडं हेच तर आहे. पुढं बोल."

"सतरावा स्टॉप. सतरा, आई. अकरा बावीसची गाडी पकड, अकरा एक्कावन्नला पोचते. आणि उतरायच्या आधी सीटजवळचं बटण दाब, म्हणजे गाडी थांबते."

एवढं सांगून ती थांबली. पुढचं तिनं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. बटण दाबलं की थांबते म्हणजे ती बेल. सिंगल बेल थांबायला, डबल बेल निघायला. छताखालच्या दोरीच्या जागी बटण आलं, एवढाच काय तो जपानी फरक.

सकाळी निघताना तिनं जपानीत लिहिलेली चिठ्ठी माझ्या गळ्यात अडकवायला आणली, दोरी लावून. मी तिच्याकडं असं पाहिलं की तिनं दोरी काढली. "पर्समध्ये तरी ठेव. अगदीच अडलीस तर दाखव."

"आणि दाखवली तर?"

"हरलीस," निरंजनराव बूट घालता घालता म्हणाले.

तर अशी मी गाडीत बसले होते. डब्यात थालिपीठं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. त्या गाडीत कोणी मोठ्यानं श्वासही घेत नव्हतं. ठेच्याचा वास तेवढा मोकळेपणानं फिरत होता. ड्रायव्हर पन्नाशीचा, डोक्याला टोपी, हातांत पांढरे स्वच्छ मोजे. चढल्याबरोबर मी सगळीकडं पाहिलं, कंडक्टर नव्हता. पहिल्याच स्टॉपला प्रवासी चढून बसले तरी गाडी हलेना. ड्रायव्हर शांतपणे घड्याळाकडं बघत होता. मला कळेना, हा थांबलाय कशाला? मग लक्षात आलं, बेल कुठं दिलीय कोणी! म्हणून मी दिली, आणि निघाली की गाडी!

यंत्रात थोडा बिघाड असावा असं मात्र वाटलं. पहिल्यांदा दाबलं की छान टिंग व्हायचं आणि गाडीभर लाल दिवे लागायचे. दुसऱ्यांदा दाबलं तर काहीच नाही. पण ड्रायव्हरला समजतंय म्हटल्यावर मी तक्रार केली नाही.

मी बोटांवर मोजत होते. चार. पाच. सहा. प्रत्येक स्टॉपला गाडी थांबायची, दार उघडायचं, कोणी उतरायचं नाही. मला आश्चर्य वाटत होतं, की उतरायला माणूस नसताना हा गडी प्रत्येक ठिकाणी थांबतो किती इमानानं! आमच्या दहिवडी रोडला असे ड्रायव्हर होते, हात दाखवला तरी थांबायचे नाहीत. आठव्या स्टॉपला त्यानं माइकवर जे विचारलं त्यात काकुळती होती. मला वाटलं, सगळे बसले का विचारतोय.

"बसले, बसले! जाऊ द्या!" मी मागून ओरडले, आणि टिंग.

समोरच्या बाकावर इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ होते. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडं. माझ्या पुढच्या सीटवर ऐंशीच्या घरातली एक म्हातारी, पाठीत वाकलेली, बाजूला चाकांची पिशवी. तीही दर बेलला मान वळवून बघायची. मी हसायचे, ती हसायची. एक शब्द कोणी बोलेल तर शपथ. हीच गाडी फलटणला असती तर दुसऱ्याच स्टॉपला चार जणांनी माझा उद्धार केला असता आणि माझी चूक मला तिथंच कळली असती.

अकराव्या स्टॉपला दार उघडलं आणि बंद झालंच नाही. ड्रायव्हरनं ब्रेक ओढला, टोपी काढून हातात घेतली आणि मागं चालत आला. थेट माझ्यासमोर. कमरेत वाकला. मग माझ्या बटणाकडं हात करून हळू आवाजात काही विचारलं.

माझ्या घड्याळात बाराला दहा कमी होते. अकरा एक्कावन्नला मी सतराव्या स्टॉपवर असायला हवी होते, आणि अजून अकराव्यावरच. पहिल्यांदाच मनात आलं, की काहीतरी चुकलंय, आणि ते मीच चुकवलंय.

मी पर्स उघडली. वरच चिठ्ठी होती, घडी घातलेली. तिला हात लावला. ती पुढं केली की सगळं सोपं होतं. हा वाचणार, मला सतराव्यावर उतरवणार, वृषाली मिठी मारणार, आणि फलटणच्या घराचं कुलूप तसंच राहणार. मला रडू यायला लागलं. खोटं कशाला सांगू, त्या परक्या गाडीत मला घराची जी आठवण आली ती विमानातसुद्धा आली नव्हती.

चिठ्ठीच्या खाली बिल्ला होता. मी तो काढून त्याच्यापुढं धरला.

त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, उलटासुलटा करून पाहिला. त्याला काही कळलं नाही. मग मी उभी राहिले. खांद्याला बॅग आहे असं दाखवलं. डोक्यावरची दोरी ओढल्यासारखं केलं, एकदा, आणि तळहात पुढं धरला. थांब. मग दोनदा ओढली आणि हात पुढं झाडला. जा. मग बटणाकडं बोट दाखवून दोनदा हवेत दाबलं आणि म्हणाले, "अहो दादा, अठरा वर्षं हेच केलंय हो मी!"

ड्रायव्हरच्या तोंडावर हसू नाही, राग नाही. आणि तेवढ्यात पुढची म्हातारी उठली.

उठली म्हणजे पाठ होती तेवढी सरळ केली. माझ्याकडं बघून तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग पोटावर बॅग असल्यासारखी थोपटली. उजव्या हाताच्या बोटांनी हवेत तिकिटाला भोक पाडलं, टिक, टिक. मग खिडकीतून हात बाहेर काढल्यासारखा करून एवढ्याशा देहातून एवढा मोठा आवाज काढला, "ओऽराय!"

म्हणजे 'ऑल राइट', गाडी जाऊ द्या! ही कंडक्टर होती. कधीकाळी इथंही बायका गाडीवर उभ्या राहून तिकिटं फाडायच्या, आणि त्यातली एक माझ्यापुढं उभी होती. आम्ही दोघींनी एकमेकींचे हात धरले. तिचे हात कागदासारखे हलके होते. ती ड्रायव्हरला भराभरा काही सांगायला लागली, आणि सांगताना बटणाकडं, माझ्याकडं, दाराकडं हात करत होती. मग तो हसला. समोरचे गृहस्थ हसले. मागं दोन कॉलेजच्या मुली तोंडावर हात धरून केव्हापासून हसत होत्या ते तेव्हा कळलं.

म्हातारीनं मला नीट समजावलं. बटण दाखवून एक बोट वर केलं आणि तळहात पुढं धरला. दोन बोटं वर केली आणि मान हलवली. बटण फक्त थांबायला. निघायला कोणाच्या बेलची गरज नाही. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. या सगळ्या माणसांना मी अकरा स्टॉप थांबवत आणलं होतं.

ड्रायव्हर जागेवर जाऊन बसला. टोपी घातली, दार लावलं. आणि निघाला नाही. आरशातून माझ्याकडं बघत राहिला.

मला आधी कळेना. म्हातारीनं कोपरानं ढोसलं तेव्हा कळलं. मी बिल्ला घेतला आणि बाजूच्या लोखंडी दांड्यावर दोनदा वाजवला. टण टण.

"ओऽराय!" म्हातारी ओरडली, आणि गाडी निघाली.

आता खरी अडचण सुरू झाली. बाराव्या स्टॉपला गाडी थांबलीच नाही. तेराव्यालाही नाही. उतरणारं कोणी नाही, चढणारं कोणी नाही, तर ही गाडी सरळ पुढं जात होती. म्हणजे थांबे मोजून मला काही कळणार नव्हतं. मी खिडकीला नाक लावलं आणि रस्त्याकडेचे स्टॉपचे खांब मोजायला लागले. चौदा. पंधरा. सोळा गेला तसं मी बटणावर बोट ठेवलं, देवाचं नाव घेतलं आणि एकदाच दाबलं.

टिंग. गाडी सतराव्या स्टॉपला थांबली. आजवर इतकी नेमकी सिंगल बेल मी कधी दिली नव्हती.

बारा वाजून चार मिनिटं झाली होती. वृषाली गेटवर नव्हती, स्टॉपवरच येऊन उभी होती, चेहरा पांढराफटक. मी उतरले तेव्हा ती काही बोलायच्या आत ड्रायव्हर माझ्यामागून उतरला. टोपी काढून तिला वाकून नमस्कार केला आणि बोलायला लागला. तिनंही वाकून काही उत्तर दिलं. तो परत वाकला, ती परत वाकली. मग त्यानं खिशातून एक छापील कागद काढला, त्यावर पेननं दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि मला दोन्ही हातांनी दिला. गाडी निघताना म्हातारी खिडकीतून हात हलवत होती.

"काय आहे गं हे?" मी विचारलं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

वृषालीनं कागद वाचला. तिचे ओठ थरथरले. मला वाटलं, आता रडते की ओरडते. पण तिनं घसा साफ केला आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचलं, "वाटेत वाहतुकीची कोंडी होती. गाडी तेरा मिनिटं उशिरा पोचली. प्रवाशाचा दोष नाही."

"असा कागद देतात?"

"इथं देतात. गाडीला उशीर झाला तर लेखी देतात. म्हणजे तू वेळेत आलीस असंच धरायचं." तिनं डोळे पुसले. "जिंकलीस आई. जा घरी."

इतकी वर्षं नोकरीत खोट्याला हात लावला नाही, आणि आता माझ्याच करणीनं झालेला उशीर गाडीच्या माथ्यावर मारला. कोंडी कसली? कोंडी मीच होते. पण घर दिसत होतं डोळ्यांपुढं. मी तोंड उघडलं नाही. डबा तिच्या हातात दिला.

निरंजनरावांनी वृषालीच्या शब्दावर निकाल मान्य केला आणि महिन्याभरात मी फलटणला आले. वृषालीच्या दोनच अटी होत्या. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचा, आणि रोज सकाळी सातला तिला मिस्ड कॉल द्यायचा, बरोबर दोन रिंगांचा. मी देत आले. कागद मी शोकेसच्या काचेला आतून लावला. आल्यागेल्याला सांगायचे, बघा, जपानात गाडीला उशीर झाला तर प्रवाशाला लेखी देतात. आणि सांगताना दर वेळी मनात काहीतरी टोचायचं.

सहा वर्षांनी निरंजनराव कामासाठी पुण्याला आले, तसे एक दिवस माझ्याकडं जेवायला. पानावर बसायच्या आधी हात धुऊन पुसता पुसता ते शोकेसपुढं थांबले. वाचलं. आणि खुर्चीत बसून असे हसायला लागले, की कुंदा शेजारून धावत आली.

"आई, हे वृषालीनं तुम्हाला काय म्हणून वाचून दाखवलं?"

"वाहतुकीची कोंडी."

"कोंडी कुठं आहे यात! ऐका." त्यांनी कागद काढून बोट ठेवून वाचलं. "उशीर, तेरा मिनिटं. कारण, आज गाडीवर भारतातल्या अनुभवी कंडक्टर बाई होत्या. त्यांची बेल चालकाला समजली नाही. चूक चालकाची. क्षमस्व." ते परत हसले. "आणि बरं झालं हो बेल मारलीत ते! ती गाडी मधले स्टॉप गाळत जाते. तुम्ही थांबे मोजत बसला असतात ना, तर डब्यासकट समुद्रावर पोचला असतात."

मला हसू आलं नाही. मी फोन लावला.

"वृषाली, तुला त्याच वेळी सगळं कळलं होतं?"

"कागद सापडला वाटतं ह्यांना," ती म्हणाली. "अगं, ड्रायव्हरनं तर दोरी ओढूनसुद्धा दाखवली होती मला. मी हसू कसं आवरलं माझं मला माहीत."

"मग खोटं का वाचलंस गं? तुला तर मी तिथंच राहायला हवी होते."

"हवीच होतीस. अजून हवी आहेस." ती म्हणाली. "पण आई, तुझं तोंड घराकडं होतं. आत बसली होतीस, दार लागलं होतं. कोणीतरी डबल बेल द्यायला नको? आणि रोज सकाळी दोनच रिंग का मागते, तुला काय वाटलं?"

मी फोन ठेवला. निरंजनरावांना भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी फोन लावला. दोन रिंग वाजू दिल्या आणि ठेवला.